बांगडा की ठेचा

यान्बू,
शुक्रवार, दुपार

प्रिय नंदा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी हसू आलं असेल, आणि मग आठवलं असेल की आपलं बोलणं बंद आहे. हसू गिळलंस तरी चालेल, पत्र तेवढं बाजूला ठेवू नकोस. फायनल होऊन आठवडा झाला. मी फोन केले, तू उचलले नाहीस. व्हॉइस नोट पाठवल्या, त्यातली एकही तू ऐकलेली नाहीस हे मला इथं बसून दिसतंय. शेवटी आज जुम्म्याचं जेवण आटोपलं, माझ्या झेबाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि लिहायला बसले. माझा पुतण्या हाशिर उद्या कंपनीच्या कामानं गाडी घेऊन तबूकला येतोय. त्याला बजावून ठेवलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं, सत्यजितभाऊजींच्या नाही, कारण ते गाडीत ठेवतील आणि विसरतील. सोबत कोळंबीच्या लोणच्याची बाटली आहे. रागाच्या भरात ती परत पाठवू नकोस, हाशिर वाटेतच संपवेल.

आधी एक सांगून मोकळी होते. आम्ही जिंकलो, आणि मला त्याचा आनंद पोटात मावत नाहीये. तू हरलीस म्हणून मी मान खाली घालून लिहीन असं वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस गो. ट्रॉफी आमच्या फ्रिजवर आहे, दूध काढायला गेले तरी मी तिच्याकडे बघते. हॉस्पिटलात पाठ धरून आलेल्या पेशंटलाही मी अमुकतमुक व्यायाम सांगता सांगता शेवटचा पॉइंट कसा घेतला ते सांगते. पण परवा झेबानं घरात पाऊल टाकलं ते तोंड पाडूनच. तुझ्या अवनीनं म्हणे बूट कपाटावर टाकले, यापुढे खेळणार नाही म्हणाली. आणि तूही शाळेला कळवलंस की पुढच्या वर्षी दुसरी कोच बघा. गोड घासात खडा लागावा तसं झालं मला. तुमच्या दोघींचं हे खलास ऐकून गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून फायनल तुला पुन्हा एकदा सांगणार आहे. तू तिथं होतीस हे मला माहीत आहे. पण तू समोरच्या बाजूला उभी होतीस, आणि जे झालं ते सगळं माझ्या बाजूला झालं.

परवा झेबाचे अब्बा फोनवर दाभोळला आबिदाला, म्हणजे माझ्या नणंदेला, हा खेळ समजावत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हणाले, नाव फ्लॅग फुटबॉल, अमेरिकन फुटबॉलचंच बिनधक्क्याचं रूप, पण चेंडू पायानं नाही, हातानं खेळायचा. एका बाजूला पाच पोरी, प्रत्येकीच्या कमरेला दोन रिबिनी. जिच्याकडे चेंडू तिची रिबीन कुणी ओढली की खेळ तिथंच थांबला. पहिल्या चार खेपांत अर्धं मैदान ओलांडायचं, पुढच्या चारांत शेवटची रेषा. ती ओलांडली की सहा पॉइंट, आणि वर एकदोन पॉइंट कमवायची एक जादा संधी. रस्ते दोनच, चेंडू घेऊन पळ नाहीतर पुढच्या मैत्रिणीकडे फेक. आबिदानं विचारलं की इतकं सोपं आहे तर भाभी आणि तिची ती मैत्रीण भांडतात कशावरून. तर म्हणाले, त्या दोघी तीन वर्षं हेच भांडतायत, पळायचं की फेकायचं. आणि दोघींना वाटतं की दुसरीला खेळ कळत नाही.

खरं सांग, आठवतो का तुला पहिला दिवस. आपण दोघी ड्यूटी संपवून पोरींना न्यायला शाळेत गेलो होतो, तू लॅबमधून आणि मी फिजिओथेरपीतून, दोघींच्या अंगाला स्पिरिटचा वास. शाळेला मुलींची टीम उभी करायची होती आणि पीटीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. प्रिन्सिपॉलनी पालकांना विचारलं, कुणी कधी मैदानावर खेळलंय का, आणि आपण दोघींनी एकदम हात वर केले. तू विद्यापीठाकडून हँडबॉल खेळलेली, मी दाभोळच्या शाळेत खोखो. तुझं म्हणणं, चेंडू माणसापेक्षा जोरात जातो, मग माणसाला कशाला दमवायचं. माझं म्हणणं, पायांवर माझा भरवसा आहे, हवेवर नाही. आणि यान्बूची हवा तर तुला ठाऊक. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की धुणं दोरीवर राहत नाही, तिथं चेंडू काय राहणार. मी हे म्हटलं की तू रिफायनरीच्या चिमणीकडे बोट दाखवायचीस. तिच्या टोकावरची ज्योत आडवी झाली तर पळा, उभी राहिली तर फेका, असा तुझा कायदा. मी म्हणायचे, ज्योत बघत खेळायचं तर मैदानात कशाला यायचं, गच्चीवर बसू. तू चिडायचीस. कराडची माणसं चिडली की कानाच्या पाळ्या लाल होतात हे मी तुझ्यामुळे शिकले.

तरी कामं आपण बरी वाटून घेतली होती. मी टीममधल्या अपेक्षाला पळायला शिकवलं, खोखोत खांबाला वळसा घालताना जशी कंबर वळवतात तसं, म्हणजे समोरचीचा हात रिबिनीपाशी येईपर्यंत रिबीन दुसरीकडे गेलेली असते. तू झेबाला फेकायला शिकवलंस. कोपर कानापाशी, बोटं शिवणीवर, आणि चेंडू इतका उंच की जिथं फक्त आपल्याच मुलीचा हात पोचेल. तुझी अवनी ताडमाड, हात लांबच लांब, त्यामुळे तो उंच चेंडू झेलायला तिच्याखेरीज दुसरं कोण होतं. आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोघी अंधार पडेपर्यंत तेवढंच करायच्या. झेबा डाव्या कोपऱ्यात उंच फेकणार, अवनी धावत जाऊन उडी मारून काढणार. वॉचमन ओरडायचा, मग त्यालाही नाद लागला आणि तो गाड्या बाजूला घ्यायला सांगू लागला.

आणि ती नावं. पळायच्या चाली माझ्या, म्हणून त्यांना माझ्याकडच्या मासळीची नावं, बांगडा, सुरमई, हलवा. फेकायच्या चाली तुझ्या, म्हणून पिठलं, झुणका, ठेचा. बांगडा म्हणजे अपेक्षानं चेंडू घेऊन उजवीकडून पळायचं. ठेचा म्हणजे अपेक्षाला चेंडू दिल्याचं फक्त दाखवायचं आणि डाव्या कोपऱ्यात उंच फेकायचा. केरळच्या मुली ठेचा म्हणताना असा काही ठसका लावायच्या की ऐकूनच तिखट लागावं. हिंदीत नावं ठेवली असती तर प्रत्येक इंडियन स्कूलला कळली असती, अरबीत ठेवली असती तर सौदी शाळांना. मराठी आपल्या दोघींची, आणि पोरींनीही ती मजेनं उचलली. मात्र ठेचा मी मॅचमध्ये कधी खेळू दिला नाही. दरवेळी तू मागायचीस आणि मी म्हणायचे, वारा आहे. एकदा वारा नव्हता, तेव्हा म्हटलं, येईल. तू मला सांगून दमलीस की शेवटच्या पाच यार्डांच्या पट्ट्यात पळायला मनाईच आहे, तिथं फेकावंच लागतं, तिथं तुझे पाय काय कामाचे. माझं एकच उत्तर, पट्ट्याच्या अलीकडूनच अपेक्षा सुटेल आणि सरळ आत जाईल. कधी ती जायची, कधी पट्ट्यात अडकून आम्ही हात हलवत परत यायचो, आणि घरी येताना गाडीत तू एक शब्द बोलायची नाहीस. ते न बोलणं मला जास्त झोंबायचं.

मग भाऊजींना तबूकच्या शेतीकंपनीत चांगलं काम मिळालं, तुला तिथल्या हॉस्पिटलात जागा मिळाली आणि तुम्ही गेलात. निघायच्या दिवशी माझ्याकडे जेवायला बसलात तेव्हा कुणी धड जेवलं नाही. झेबा आणि अवनी गॅलरीत बसून इंग्लिशमध्ये भांडत होत्या, आता हिला कोण फेकणार आणि तिचं कोण झेलणार यावरून. वर्ष उलटायच्या आत बातमी आली की तबूकच्या शाळेनं टीम काढली आणि कोच तू. मी मोहल्लाभर सांगत सुटले. त्यानंतर कळलं की फायनल तुमच्याशीच आहे, आणि मी कपाळाला हात लावला. कारण माझ्या सगळ्या गुपितांची नावं तुला पाठ, अवनीला पाठ. आमच्या पोरी ओरडणार बांगडा, आणि तुझ्या पोरी आधीच उजवीकडे जाऊन उभ्या.

त्यावर आम्ही काय उपाय केला ते तुला माहीत नाही, वाच आणि हस. आधी नावं मल्याळममध्ये घेऊ म्हटलं. तर केरळच्या मुली म्हणाल्या, टीचर, तबूकमध्ये पण निम्म्या आमच्याच आहेत. तमिळ म्हटलं, तिथं तमिळही निघाली. तेलुगू काढलं तर आमच्यातल्याच तिघींना येईना. शेवटी अपेक्षा म्हणाली, फळांची नावं इंग्लिशमध्ये घेऊ, आणि त्या दिवशी सरावाला ॲपल म्हटलं की दोघी इकडे पळायच्या आणि दोघी तिकडे, आणि झेबा मध्ये चेंडू घेऊन उभी, कुणाला देऊ म्हणून. आपल्यासारख्या शाळेत कुठली भाषा लपवून ठेवता येत नाही हे तेव्हा कळलं. मी वैतागून म्हटलं, मरू दे, बांगडा तो बांगडाच. त्यांना कळू दे. कळून रिबीन हाताला लागत नाही.

पहिल्या अर्ध्यात तू मला धुतलंस, हे कबूल करायला माझी हरकत नाही. मी तर खूश होते, त्या संध्याकाळी वारा असा की सौदी आयांचे काळे अबाये फडफडत होते, चिमणीवरची ज्योत पार आडवी. मनात म्हटलं, आज नंदा काय फेकतेय. आणि तुझी ती डावखुरी पोरगी चेंडू फेकू लागली ते छातीच्याही खालून, सपाट, वाऱ्याला पत्ता न लागू देता. हे तू कधी शिकवलंस गो. आमच्याकडे असताना तर सगळं उंचच होतं. दोनदा चेंडू अवनीच्या हातात गेला आणि दोनदा ती रेषेपलीकडे. त्यावरचा एक पॉइंटही तुम्ही घेतलात. आम्ही दोनदा पाच यार्डांच्या पट्ट्यापर्यंत पोचलो आणि दोनदा तिथंच अडकलो, अगदी तू म्हणायचीस तसं. एकदाच अपेक्षा मध्यावरून सुटली ती तुझ्या तिघींना वळसे घालत आत गेली. तेरा विरुद्ध सहा. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, खेळ थांबला, आणि मी नमाज पढताना काय मागितलं असेल ते तू ओळखशील. अल्लाकडे वारा मागितला. तुझ्या फेकी बिघडाव्यात म्हणून, अजून जोराचा.

मिळाला नाही. नमाजनंतर वारा पडला. पण आमच्या पोरींनीही आता कंबर कसली होती. तुझ्या डावखुरीला त्यांनी श्वास घेऊ दिला नाही, ती फेकायला हात वर करतेय तोवर आमची कुणीतरी तिच्या रिबिनीला हात घालत होती. आणि आम्ही नुसते पळत राहिलो. बांगडा, हलवा, पुन्हा बांगडा. तुझ्या पोरींना नाव कळत होतं, त्या बरोबर जागी जात होत्या, आणि तरी अपेक्षा त्यांच्या हातातून निसटत होती. ही माझी तीन वर्षांची कमाई, नंदा. गुपित उघड झाल्यावरही चालतं ते खरं पळणं. शेवटच्या मिनिटाला ती पट्ट्याच्या अलीकडून सुटली, कमरेत अशी काही वळली की तुझ्या दोघी एकमेकींवर आदळल्या, आणि ती आत. आमच्या बाकांवर नुसता गोंधळ. झेबाच्या अब्बांनी हातातला चहा शेजारच्या बंगाली गृहस्थांच्या मांडीवर सांडला आणि त्या गृहस्थांनी त्यांना मिठी मारली. बारा विरुद्ध तेरा.

आता पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. आमच्यापुढे दोन दारं. जवळून, पाच यार्डांवरून एक पॉइंट, तो फेकूनच घ्यायचा, आणि बरोबरी. लांबून, दहा यार्डांवरून दोन पॉइंट, पळून घ्या की फेकून घ्या, आणि ट्रॉफी. मी रेफरीला दोन बोटं दाखवली, ते तू पाहिलंस आणि मान हलवलीस. तुला खात्री होती की तबस्सुम पळवणार. मलाही होती. मी झेबाला ओरडून सांगितलं, बांगडा. ती हललीच नाही. मैदानाच्या मध्ये उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं हात लांब करून चिमणीकडे बोट दाखवलं. ज्योत सरळ उभी होती. मेणबत्तीसारखी, जराही हलत नव्हती. झेबानं दुसऱ्या हाताचं बोट आपल्या कोपरावर ठेवलं, ते तुझ्या शिकवणीतलं कोपर. घड्याळ पळतंय, सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मला समोर तू दिसत होतीस, हाताची घडी घालून, आणि ऐकू येत होतं तुझं ते गाडीतलं न बोलणं. तीन वर्षं जे तुला दिलं नाही ते मी माझ्या पोरीला दिलं. मान हलवली. झेबानं पोरींना गोळा करून कानात काहीतरी सांगितलं, आणि मग रेषेवर उभी राहून साऱ्या यान्बूला ऐकू जाईल असं ओरडली, बांगडा.

झेबाच्या हातात चेंडू आला, अपेक्षा तिच्या जवळून पोटाशी हात दुमडून उजवीकडे पळाली, आणि तुझ्या चौघी तिच्यामागे. तू समोरून हेच पाहिलंस. त्याच वेळी झेबानं चेंडू डाव्या कोपऱ्यात सोडला, म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात. तिथं आमची ताजुन्निसा होती. ती तू गेल्यावर आली, तुला माहीत नाही, अपेक्षाच्या खांद्यापर्यंतही पोचत नाही. तिनं चेंडू छातीशी धरला आणि घाबरून तिथंच रेषेपलीकडे बसली, उठायलाच तयार नाही, उठलं तर सुटेल म्हणून. चौदा विरुद्ध तेरा. सौदी आयांनी जिभा वळवून अशा ललकाऱ्या दिल्या की माझ्या अंगावर काटा आला. पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला, माझं वजन बघून सोडून दिला. मी रडत होते, हसत होते, आणि त्या सगळ्यात तुला शोधत होते. ठेचा चालला गो. तुझा ठेचा, वाऱ्याशिवाय, तुझ्याच कायद्याप्रमाणे, तुझ्याच विरुद्ध. तुला मिठी मारून हे सांगायचं होतं. पण तू अवनीला सगळ्यांसमोर विचारत होतीस की चौघी उजवीकडे गेल्या असताना तू भलतीकडे कुठे पळत सुटलीस. आणि मग तुमची बस निघून गेली.

ती भलतीकडे पळत नव्हती, नंदा. मैदानावर तुमच्या बाजूची ती एकटीच बरोबर होती. तू उजवीकडे बघत होतीस आणि तुझ्या पोरी मध्ये होत्या, त्यामुळे तुला दिसणं शक्य नव्हतं. मला पाच पावलांवरून दिसलं. बांगडा ऐकून तीही निघाली होती. पण चेंडू हातात येताच झेबानं शिवणीवर बोटं फिरवली, फेकायचा असला तरच ती फिरवते, आणि हे सबंध जगात एका अवनीला माहीत. ती जागच्या जागी फिरली. चौघी मैत्रिणी एकीकडे, समोर कोच, कानात बांगडा, आणि ही एकटी दुसऱ्या दिशेला. ताजुन्निसाच्या आधी कोपऱ्यात पोचली आणि तिनं उडी मारली, दोन्ही हात वर करून, अगदी त्या उंचीवर जिथं झेबाचा ठेचा पार्किंगमध्ये रोज यायचा. तो त्या दिवशी तिथं आलाच नाही. माझ्या पोरीनं आणि त्या बुटकीनं मला न सांगता वर्षभर सराव करून तो खाली आणला होता, ताजूच्या छातीएवढा. चेंडू अवनीच्या कोपरांखालून गेला. मी कोच म्हणून सांगते, तिनं उडी मारली नसती, नुसती उभी राहिली असती, तर ट्रॉफी आज तुझ्या फ्रिजवर असती. तिला झेबाचा हात इतका ओळखीचा होता की त्यापायी चेंडू गेला. हे पोरीनं कुणाला सांगितलं नाही. परवा झेबाला फक्त एवढं लिहिलं की मला कळलं होतं, तरी माझ्यानं झालं नाही, मग कळून काय उपयोग.

आज सकाळी टूर्नामेंटवाल्यांचा फोन आला. रियाधला आपल्या भागाची एक टीम जाणार आहे, सगळ्या शाळांतून निवडलेली, आणि जिंकलेली कोच म्हणून ती मी न्यायची. मी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. पहिलं नाव लिहा, अवनी, तबूक. आणि कोच दोन लागतील, पायांना मी पुरेशी आहे, हातांना दुसरी बाई तबूकहून येईल. त्यांनी विचारलं, ती हो म्हणाली का. मी म्हटलं, म्हणेल. आता मला तोंडघशी पाडायचं की नाही ते तू बघ. रियाधला वारा कसा असतो मला माहीत नाही, आणि तिथं चिमणीही नाही. तू नसलीस तर फेकायचं कधी ते मला कोण सांगणार.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. झेबा म्हणत होती, अम्मी, एवढं कशाला, मी अवनीला इंग्लिशमध्ये मेसेज करते, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. व्हॉइस नोटमध्येही यातलं काही बोलले नाही, हे तुला त्या ऐकल्यास तर कळेल, त्यात नुसत्या शिव्या आहेत. तुझ्या लेकीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्याही लेकीला येत नाही. म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं, कागदावर, म्हणजे ते तिला कुणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि तुमच्या घरात ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, भाऊजींना माझं अक्षर लागत नाही. तिला हे माझ्याकडून नको, झेबाकडून तर नकोच. त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर तिला ज्या आवाजानं विचारलं की भलतीकडे कुठे पळत होतीस, त्याच आवाजात तिला ऐकायचं आहे. तर आता उठ, कपाटावरून ते बूट खाली काढ, तिला समोर बसव, आणि ‘ती भलतीकडे पळत नव्हती, नंदा’ इथपासून मोठ्यानं वाच.

रियाधला तुझ्या शेजारी उभी राहून तुझ्याशी भांडायला आसुसलेली,

तुझीच
तबस्सुम